झाकरीतली जळजळ

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्रियोले गावच्या मांडवातली ती दुपार माझ्या मनातून जात नाही. गणपतीचा दिवस होता. आपल्या बेटाच्या स्वातंत्र्याला दहा वर्षं झाली होती आणि मी इस्पितळात नर्सिंग शिकत होते. पोटभर जेवून तुम्ही झाकरीत उतरलात. मधे ढोलकीवाला, भोवती गोल धरून नाचणारे, आणि पुढचा मान तुमचा. तुमच्याइतकं कमरेत वाकून, जमिनीला हात लागेल असं कोणीच नाचत नसे. तिसऱ्या फेरीला तुमचा हात छातीवर गेला आणि तुम्ही थांबलात. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांनी त्याच आठवड्यात बजावलं होतं: जेवून आडवं झाल्यावर घशाशी आंबट आणणारी जळजळ वेगळी, उपाशीपोटी कुरतडणारी वेगळी, पण कष्टाने उठणारी आणि थांबलं की शमणारी असेल, तर आधी हृदयाकडे बघा.

"आयो, काय नाय जाला. लेस्तोमा जरा जलतो," तुम्ही पोटाकडे बोट दाखवत हसून म्हणालात. "उभा ऱ्हायलो, गेला बघ."

थांबल्यावर गेलं, हेच तर मला ऐकायचं नव्हतं. भर मांडवात मी तुमचं मनगट धरून ओरडले, "पुरे बाबा! ह्या पोटाचा नाय, काळजाचा हाय. परत नाचलात तर मराल!" ढोलकी बंद पडली. दुसऱ्या दिवशी तुम्हाला इस्पितळात नेलं, पण डॉक्टरांना हृदयाच्या आलेखाच्या कागदावर काही दोष दिसला नाही. "तरी जपा," एवढंच ते म्हणाले. मी त्याची बंदी करून टाकली. पुढल्या गणपतीपासून तुम्ही खुर्चीवर बसून टाळ्या वाजवायचात. मला एकदाही बोल लावला नाहीत. लावला असता तर बरं झालं असतं.

ऐंशी साल उलटल्यावर मी पितों गावच्या दवाखान्यात होते. एक ऊस तोडणारा आला, कामावर छाती जळते म्हणत. मी घाबरून त्याला बसवलं आणि विचारलं, नेमकी कधी? "खाली वाकून ऊस कापताना, सिस्टर. जेवून गेलो तर जास्तच." आणि मोळी डोक्यावर घेऊन लॉरीवर चढताना? "तवा काय नाय." कष्ट दोन्हीकडे सारखेच; फरक वाकण्याचा. डॉक्टरांनीही तपासून तेच सांगितलं: हृदय ठीक आहे, वाकलं की पोटातलं आंबट वर येतं. मला तुम्ही आठवलात. माझ्या बंदीनंतरही आईला चुकवून तुम्ही गाईच्या गवताचा भारा डोक्यावर घेऊन चढ चढत होतात, एकदाही छातीला हात न लावता. हे मला ठाऊक होतं. त्यावरून मी तुम्हाला रागावलेही होते.

पुढच्या रविवारी सांगायला आले. पुन्हा तपासून घेऊ, आणि जेवणाआधी नाचा, असं सगळं बसमध्ये पाठ केलं होतं. अंगणात झाकरीची तालीम चालली होती. तुम्ही खुर्चीत होतात, पाय मात्र ताल धरत होते. शेजारची मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, "हिच्यामुलं बाप जगला." तुम्ही माझ्याकडे बघून मान डोलावलीत, केवढ्या अभिमानानं! मी चहा पिऊन परत गेले.

त्यानंतर तुम्ही दोन गणपती पाहिलेत, खुर्चीतूनच, आणि तापानं गेलात. हे पत्र आता शिवणाच्या डब्यात जाईल. भीतीपोटी केलेली चूक तुम्ही हसून सोडून दिली असती, बाबा. पण त्या रविवारी मला कसलीच भीती नव्हती. ते कौतुक सोडवलं नाही, एवढंच.