फलाट क्रमांक एक, बाथरूम

रविवार, ४ जानेवारी. रात्री.
दीपाली आज धाराशिवला गेली. अंगणवाडी सेविकांचं ट्रेनिंग, आठवडाभर. तिला गाडीत बसवलं. खिडकीतून ती सूचनांवर सूचना देत होती. जाईच्या रिबिनी कपाटात, उत्कर्षला दूध गाळून, आणि शनिवारचं ध्यानात ठेवा... तेवढ्यात गाडी सुटली. गाडी कुणासाठी थांबत नाही. हे मी तिला लग्नापासून सांगतो आहे.

मी मुरुमच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक आहे. दिवसभरात एवढ्या गाड्या लावतो, काढतो. दोन मुलं शाळेत पोचवणं म्हणजे काय मोठं? कायम दुसरी, रात्री उशिरापर्यंतची ड्यूटी असल्यामुळं सकाळी मी झोपलेला असतो, म्हणून घरात सिस्टिम नाही. आता हक्काची रजा टाकली आहे. आठवड्यात घर वळणावर आणतो.

स्वयंपाकघरात फळा लावला. उठणे, बाथरूम, वेणी, नाष्टा, प्रस्थान. परिपाठ दहा वाजून वीसला. बाथरूम म्हणजे फलाट एक, ओटा फलाट दोन. मुलांना नियम सांगितले. घोषणा चालू असताना प्रवाशांनी बोलायचं नाही. काही विचारायचं असेल तर चौकशी खिडकी, म्हणजे ओट्याजवळचं स्टूल, संध्याकाळी सात ते आठ. उत्कर्षनं विचारलं, शू लागली तर? पहिलीतल्या पोराला सिस्टिम समजायला वेळ लागणारच.

सोमवार, ५ जानेवारी.
आठला स्टीलचा पेला तोंडाला लावून घोषणा केली. "जाई वैजनाथ, फलाट क्रमांक एकवर येत आहे." आवाज खणखणीत. शेजारच्या गजरामावशींची म्हैस ओरडली. मुलं उठली नाहीत.

साडेआठला दोघं एकदमच फलाट एकवर आली. आत भांडण. मग लाइट गेली, हीटरचं पाणी कोमट राहिलं. लाइटीला मी काय करणार? उत्कर्षचा एक मोजा सापडेना. पोहे खारट झाले. पण पोहे हा माझा विषयच नाही.

शाळेत पोचलो तर फाटक बंद. परिपाठ सुरू झाला की फाटक लावतात आणि लेट आलेल्यांना संपेपर्यंत बाहेर उभं करतात. जाई रडली. मी समजावलं की दहा मिनिटांना आमच्या खात्यात उशीर म्हणतच नाहीत. ती जास्त रडली. चौथीत गेली की मुली हळव्या होतात.

पहिला दिवस ट्रायल धरायचा असतो.

मंगळवार, ६ जानेवारी.
वेणी. ह्या एका कामाला फळ्यावर फार कमी वेळ दिला होता. दोन वेण्या घातल्या. एक कानावर आली, दुसरी मानेवर. जाईनं आरशात बघितलं आणि मुकाट्यानं दप्तर उचललं. शिस्त मुरायला लागलेली दिसते.

बाहेर गजरामावशी दुधाची किटली घेऊन उभ्या. म्हणाल्या, "वैजू, ही येनी हाय का म्हशीचं दावं?" आणि तिथंच दारातल्या पायरीवर पोरीला बसवून सगळं सोडून पुन्हा घातलं. पाच मिनिटांत. पण त्या पाच मिनिटांमुळंच उशीर झाला, हे त्यांना कोण सांगणार?

फाटक बंद.

बुधवार, ७ जानेवारी. रात्री.
आज स्टँडवरची शिट्टी आणली होती. उपयोग झाला. उत्कर्ष पहिल्या शिट्टीला उठला आणि शिट्टी घेऊन संडासात जाऊन बसला. आतून वाजवत राहिला. बाहेर यायला तयार नाही. म्हणाला, गाडी अजून भरली नाही.

डबे मी भरले. घाईत माझा ठेच्याचा डबा त्याच्या दप्तरात गेला. दुपारी शाळेतून चंद्रप्रभाबाईंचा फोन. पोरानं ठेचा खाल्ला, अख्खी बाटली पाणी प्यालं, आता शेजारच्या पोराची बाटली पितंय. बाई आवाज चढवून बोलत नाहीत, त्यामुळं जास्त लागतं. मग म्हणाल्या की जाईला ह्या शनिवारी परिपाठात माईकवर प्रतिज्ञा म्हणायला दिली आहे, पण ती रोज फाटकाबाहेरच दिसते. शनिवारी लेट झाली तर तिच्या वर्गातली श्रिया म्हणेल.

जाईला विचारलं, हे मला आधी का नाही सांगितलं? म्हणाली, सांगायला आले होते, तुम्ही घोषणा करत होता. सोमवारपासून म्हणे अंथरुणात पडल्या पडल्या प्रतिज्ञा पाठ करते. मला वाटत होतं झोपेत बडबडते.

पोरीचा आवाज चांगला आहे. माझ्यावर गेला आहे. शनिवारी तिला माईकपुढं उभी करणारच. शब्द दिला.

गुरुवार, ८ जानेवारी.
विजय! सव्वादहाला शाळेच्या फाटकात. उघडं फाटक पहिल्यांदाच बघितलं. मोटारसायकलवरूनच जाईला म्हटलं, बघ, ह्याला म्हणतात नियोजन. सिस्टिम कशी बसवावी लागते, माणसं सुरुवातीला कशी हसतात, तेही थोडक्यात सांगितलं. तिनं मध्येच विचारलं, उत्कर्ष कुठाय?

मागच्या सीटवर उत्कर्ष नव्हता.

तो घरापुढंच उभा होता. गाडी सुरू करताना तो बुटाची लेस बघायला खाली उतरला होता. मला म्हणाला, "पप्पा, तुमी डबल बेल न ऐकताच गाडी काढली." पोराचं निरीक्षण चांगलं आहे.

त्याला घेऊन परत पोचलो तोवर फाटक बंद, आणि जाई बाहेर. तिला आत जाता आलं असतं. गेली नाही. भावाला सोडून कशी जाऊ, म्हणाली. भावनेच्या भरात लोक वेळ वाया घालवतात, ते असं. तरी प्रस्थान वेळेवर झालं, ही नोंद राहिली पाहिजे. गाडी वेळेवर सुटली. प्रवासी राहिला, तो भाग वेगळा.

शुक्रवार, ९ जानेवारी. रात्री आठ.
आजचा उशीर किरकोळ. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

उद्याची तयारी पूर्ण. फळा पुसून नवा केला. उद्या आठला नाही, पावणेआठलाच घोषणा. पंधरा मिनिटं राखीव. वर गजरामावशींना वेणीसाठी नऊला बोलावणार. दहाला माझी मुलं फाटकात, परिपाठाच्या आधी वीस मिनिटं. चंद्रप्रभाबाई बघतच राहतील.

संध्याकाळी जाईनं पांढरा ड्रेस इस्त्रीला मागितला. दोघांचेही. प्रतिज्ञेसाठी खास दिसतंय. मला कौतुक वाटलं. इस्त्री तिनंच केली.

सातनंतर ती चौकशी खिडकीवर आली होती. पण मी कल्याणप्पाशी फोनवर होतो. स्टँडवर तो माझ्या जागी आहे, त्याला सिस्टिम समजावून सांगत होतो. जाई म्हणाली, "पप्पा, उद्या शनिवार हाय, उद्या शाळा..." मी हातानं खुणावलं, खिडकी बंद. तिनं दोनदा प्रयत्न केला. मग गेली.

दीपालीचा फोन. तीही तेच. म्हणाली, अवो, उद्या शनिवार हाय, ध्यानात हाय न्हवं? मी म्हटलं, शनिवारनंतर रविवार येतो, तेही ध्यानात आहे. ह्या लोकांना शनिवारचं एवढं काय, कळत नाही. स्टँडला शनिवार-सोमवार सारखाच. तीच गाडी, तीच वेळ.

शनिवार, १० जानेवारी. सकाळी पावणेआठ.
उठलो. घरात एवढी शांतता आठवडाभरात नव्हती. भांडण नाही, शिट्टी नाही. शिस्त लागली की घर असं होतं. इतकी छान झोपली आहेत की उठवावंसं वाटत नाही. राखीव वेळ आहेच. चहा टाकतो.

साडेआठ.
अजून झोपलेली. दुसरा चहा. दीपाली आल्यावर तिला हे शांतपणे सांगायचं. टोमणा मारायचा नाही.

पावणेनऊ.
पेला तोंडाला लावून घोषणा केली. हालचाल नाही. पांघरूण ओढलं. खाली दोन उशा.

दुपारी.
आता सगळं लिहितो.

अनवाणीच गजरामावशींकडं पळालो. त्या म्हशीपाशी होत्या. म्हणाल्या, "व्हय, तांबडं फुटायच्या आत आली व्हती पोरगी भावाला घिऊन. आज्जे, येनी घाल म्हनली. दोघांस्नी दूध दिलं, म्याच पोचवलं साळंत. शनवारची सकाळची साळा अस्ती, तुला ठावं न्हाय व्हय रं?"

मला ठावं नव्हतं. लेक चौथीत गेली तरी मला ठावं नव्हतं.

शाळेत गेलो. फाटक बंद. शिपायानं कायदा दाखवला, शाळा सुटेपर्यंत बाहेर उभं राहा. राहिलो. परिपाठ कधीच संपला होता, मैदानावर गुंडाळलेला माईक तेवढा दिसत होता.

शाळा सुटल्यावर दोघं आली. पांढरे ड्रेस, सरळ वेण्या. उत्कर्षचा शर्ट उलटा, पण दोन्ही मोजे पायात. जाईला विचारलं, झाली? म्हणाली, झाली. एकदा पण नाही चुकले. दीपालीनं मावशींच्या मोबाइलवर सगळं लाइव्ह ऐकलं म्हणे. गजरामावशींनी फाटकाबाहेरून फोन वर धरला होता. म्हशीवाल्या बाईनं ऐकलं, धाराशिवला बसलेल्या आईनं ऐकलं. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

मी म्हटलं, मला उठवायचं ना गं. ती सरळ म्हणाली, "तुमची घोषणा पावणेआठला होती. आमची गाडी कशी थांबेल?" उत्कर्षनं जोडलं, प्रवासी राहिला, तो भाग वेगळा. हे मी कधी मोठ्यानं बोललो होतो, आठवत नाही.

घरी आल्यावर म्हटलं, जाई, एकदा म्हण ना प्रतिज्ञा. इथंच. फक्त माझ्यासाठी. तिनं बूट जागेवर ठेवले, दप्तर खुंटीला अडकवलं, आणि ओट्याजवळच्या स्टुलाकडं बोट केलं. चौकशी संध्याकाळी सात ते आठ.

संध्याकाळी सात.
जाई स्टुलावर बसली आहे. मी लाइनीत उभा आहे. माझ्यापुढं उत्कर्ष आहे, आणि त्याला बरंच काही विचारायचं आहे.