अंगठा दाबला की रेघा जातात

दौंड, मंगळवार संध्याकाळ

अंगठा अजून ठणकतोय. यवतच्या मंगलताईंनी दुकानात आणलेल्या कॉम्प्युटरवर हिरव्या रेघा येतात. आधी रॅम काढून खोडरबरानं घासली. आमच्या दुकानात कुठल्याही दुखण्यावर पहिलं औषध तेच. रेघा तशाच. मॉनिटर बदलला, केबल बदलली, तरी तशाच. मग सहज ग्राफिक्स कार्डावर अंगठा दाबला आणि स्क्रीन लख्ख! अंगठा उचलला की परत रेघा. म्हणजे चिप कार्डाला जोडणारं सोल्डर सुटलंय. ते माझ्या हातचं काम नाही. आणि एवढ्या जुन्या मशीनला चालेल असं कार्ड दौंडात काय, पुण्यातही मिळायचं नाही.

पुन्हा दाबून खात्री केली आणि सांगायला मान वर केली. ताई मागे येऊन उभ्या होत्या. समोर स्क्रीनवर त्यांनीच अर्धी केलेली लग्नपत्रिका. अशा पत्रिकांवरच त्यांचं घर चालतं.

"झालं व्हय, भाऊ? मला वाटलं, गेलंच हे," म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

'न्हाई' एवढंच तर म्हणायचं होतं ना मला?

म्हणालो, "बघा ताई, नावं बरोबर हायेत का."

त्या एकेक नाव मोठ्यानं वाचू लागल्या. मी अंगठा काढला नाही.