घरी होते की शिकत होते

४ जून
ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, आधीच सॉरी. एका बोटाने टाइप करतेय, म्हणून हळू. कोणाला सॉरी म्हणतेय पण? वाचणार मीच.

अकरावी दिवाळीनंतर सोडली. हजेरीला "प्रेझेंट" पण तोंडातून निघायचं नाही. आता डिप्लोमा करायचाय, इलेक्ट्रॉनिक्स. मुलुंडच्या कॉलेजात नाव लागलंय. पण स्कॉलरशिप बसली तरच. आई पवईला एका ऑफिसात हाउसकीपिंगला, तिच्या पगारात ती फी होत नाही. विषय संपला.

५ जून
कॉलेजची खिडकी. मॅडम: "मधल्या काळात काय केलंस?" मागे ही लाईन. मी: "घरी होते."

तेवढंच निघालं. घरी कुठे होते यार! मोबाईल रिपेरिंगचा कोर्स केला, मग सीसीटीव्ही फिटिंगचा. रोज घाटकोपर. पण ते सांगायला किती बोलावं लागतं...

"मग गॅपचं ॲफिडेव्हिट आण."

६ जून
आईसोबत कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्या काकांकडे. मजकूर तयारच असतो, फक्त नाव बदलतात. "सदर काळात माझी मुलगी घरी होती व तिने कोठेही शिक्षण घेतले नाही." मी वाचलं. बोलणार, तोवर आईने सही ठोकली. चष्मा घरी विसरलेली.

९ जून
वाट लागली.
आई सुट्टी टाकून सोबत आली. मी ॲफिडेव्हिट दिलं आणि त्याच्यावरच तिने पिशवीतून माझी दोन्ही सर्टि. काढून ठेवली. लॅमिनेट केलेली! टीव्हीच्या वर लावलेली, खिळ्यावरून उतरवून आणली. "हे पण बघा मॅडम. माझी पोरगी रिकामी नाय बसली."

मॅडम एकदा कागद बघतायत, एकदा सर्टि. "ताई, इथे तुमचीच सही आहे, पोरगी कुठेच शिकत नव्हती म्हणून. आता कुठलं खरं?"
आई: "दोन्ही."
मागचे सगळे हसले.

वर ते कोर्स फुकटचे, सरकारी योजनेतले. मॅडम म्हणे एकदा योजनेचा लाभ घेतलाय, तर स्कॉलरशिप बसते की नाही बघावं लागेल. म्हणजे वर्षभर लोळत पडले असते तर सगळं झकास!! डोकं फिरतं ना.

१० जून
ऋतुजा, कोर्समधली माझी एकुलती एक मैत्रीण: "वेडी आहेस का गं? सर्टि. लपव. बोल, आईचा घोळ झाला. ॲफिडेव्हिट आहेच की."

आईला सांगून बघितलं. भांडी घासता घासता थांबली. "म्हणजे तू काय केलंच नाही असं सांगू? अख्ख्या चाळीचे फोन कोण दुरुस्त करतं मग?"
मग माझ्यावरच चिडली. "कागद वाचला का नाहीस?"
वाचला होता गं. तेच तर.
सर्टि. परत खिळ्याला.

१२ जून
एकटी गेले. बसमध्ये वाक्य पाठ करत. शेजारची बाई सरकून बसली.
"मॅडम, मी घरी नव्हते. शिकत होते. ॲफिडेव्हिट बदलून आणते." एका दमात.
मॅडम: "हे पहिल्या दिवशी बोलायला काय झालं होतं?"
मग स्वतःच म्हणाल्या,
"आण बदलून. पण स्कॉलरशिपचं मी वर विचारते. सोमवारी ये. नाही म्हणाले तर माझ्या हातात काही नाही."
मी: "बरं." परत तेवढंच.

घरी आले तर आई दारातच. "बोललीस?" बोलले. "सगळं?" सगळं.

खालच्या रिक्षावाल्या काकांना जुळं झालं. दोन्ही मुली. आत्ताच पेढे आले. आईने एक सोमवारसाठी डब्यात ठेवला.