धाकट्या जावेच्या हिरव्या पेशींबाबत

प्रति,
मा. संचालक,
स्नायू-विकास संशोधन संस्था

विषय: माझ्या धाकट्या जावेच्या पेशी चमकतात व माझ्या चमकत नाहीत, याबाबत.
संदर्भ: दर्शनी भिंतीवर एकच छायाचित्र लावण्याची आपली सूचना.

महोदय,

स्नायूंवाचून जग एक पाऊलही पुढे गेले नसते. हृदयाच्या ठोक्यापासून साम्राज्यांच्या स्वाऱ्यांपर्यंत सारे काही स्नायूंनीच केले आहे. माझ्या बशीतले स्नायू मात्र अद्याप कोणाच्या नजरेस पडलेले नाहीत.

१. मी व माझी धाकटी जाऊ आपल्या संस्थेत शेजारशेजारच्या टेबलांवर काम करतो. तिला येथे मीच चिकटवली, हे नम्रपणे नमूद करते. स्नायूंच्या कोवळ्या पेशी एकमेकींत मिसळून लांब तंतू होतात, ते दोघींनी टिपायचे आहे. तिचे हिरवेगार छायाचित्र पाहून सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "याला म्हणतात एकत्र कुटुंब!" माझ्याही पेशी एकत्रच नांदतात, पण अंधारात.

२. पेशी दिसाव्यात म्हणून आधी सशाच्या किंवा उंदराच्या अंगात तयार झालेली प्राथमिक अँटिबॉडी घालतात. ती बिचारी स्नायूच्या प्रथिनाला जाऊन घट्ट धरते. मग ती कोणत्या प्राण्याची ते ओळखून तिला धरणारी, हिरवा रंग लावलेली दुय्यम अँटिबॉडी येते आणि चमकते. म्हणजे राबायचे पहिलीने, मिरवायचे मागून आलेलीने. शास्त्रात हे चालत असेल. आमच्या घरातही तेच चालू आहे.

३. धाकटी पेशींशी लाडात बोलते: "चला गं सोनुल्यांनो, चिकटा बघू." हे नियमात बसते काय? दोघींच्या बश्या एकाच उबवणी-पेटीत असल्याने तिच्या पेशी माझ्या पेशींचा उत्साह शोषून घेतात, असा माझा दाट संशय होता. त्याकरिता चौकशी समिती नेमावी व समितीवर आमचे धाकटे दीर नसावेत, अशी मागणी मी करणार होते.

४. तथापि काल धाकटीने माझी कुपी उचलून सर्वांदेखत म्हटले, "अहो जाऊबाई, तुमची प्राथमिक सशाची, आणि दुय्यम घातलीत उंदराला ओळखणारी! ती सशाला कशाला विचारतेय?" सगळी प्रयोगशाळा हसली. कुपीवर 'दुय्यम' एवढे वाचूनच माझे डोके फिरले होते. पुढे कोणाची ते वाचले नाही.

५. सशाला ओळखणारी दुय्यम भांडारात संपली आहे. उरलीसुरली धाकटीकडे आहे. ती लगेच म्हणाली, "घ्या ना माझ्यातली, त्यात काय!" हा मोठेपणा मला सहन झाला नाही. मी म्हणाले, "राहू दे, आहे माझ्याकडे." नाही आहे.

छायाचित्र सोमवारी द्यायचे आहे. तरी आपण धाकटीकडून ती दुय्यम थोडीशी मागून घ्यावी व मला पोचती करावी. कोणासाठी, ते कृपया सांगू नये.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
थोरली
(खिडकीकडचे टेबल)
शुक्रवार

सोबत:
१. माझे छायाचित्र. (पूर्ण काळे. कसेही धरले तरी चालेल.)
२. रिकामी कुपी, झाकणासह.