मधातनं दिलेली पुडी

हैदराबाद, ४ ऑगस्ट २०२५

सौ. अनुजाआक्कास कृष्णातचा सा. न. वि. वि.

तर मी बाटल्या धुणारा, मला काय कळतंय, व्हय? फोनवर बोललीस ती बोललीस, वर माझा नंबरच बंद करून टाकलास. म्हणून आपल्या गावच्या विश्वजितच्या टेंपोबरोबर हे पत्र. आठवी नापास हाय, पण डोळं फुटल्यालं न्हाईत.

मी जिथं काचसामान धुतो, तिथं एका अंगाला कॅन्सरच्या गोळ्यांचं संशोधन चालतंय. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी आईला दिलीय तसलीच गोळी. गाठ वाढवणारी एक कळ असती म्हणं, नेमकी तीच बंद करती. दुसऱ्या अंगाला रक्तातलं, लघवीतलं विष मोजत्यात. तिथल्या मॅडम म्हणाल्या, असली गोळी चालू असताना डॉक्टरांना न विचारता काय बी पोटात जाऊ द्यायचं न्हाई. आन् तुम्ही चिमणाआत्याच्या वैदूची पुडी देताय, तीबी डॉक्टरांना चोरून!

एक पुडी विश्वजितजवळ दे. मॅडम तपासून देतो म्हणल्यात. तोवर बंद ठेव. राग गिळ, पण उत्तर धाड.

तुझा भांडखोर भाऊ,
कृष्णात


कुरुंदवाड, ९ ऑगस्ट

चि. कृष्णातास अनेक आशीर्वाद.

पुडी धाडलीय. बघा काय बघायचं ते, साहेब! शिरोलीची फौंड्री सोडलीस, पुण्याचं हॉटेल सोडलंस. आत्या हसून म्हणाली, दोन महिनं बाटल्या धुतल्या आन् पोरगं डॉक्टर झालं.

आईची गाठ कमी झालीय. आत्या म्हणते, पुडीचा गुण. पण लिव्हरचा रिपोर्ट लई बिघडला, म्हणून डॉक्टरांनी गोळीच बंद केली. बाहेरचं काही देता का, असं त्यांनी विचारलं. आत्या माझ्या आधीच न्हाई म्हणाली. आता गोळी न्हाई, म्हणून पुडी दोनदा देतो. आईला उलट्या होतात, तळपाय निखाऱ्यावर ठेवल्यागत जळतात म्हणते. आत्या म्हणते, रोग बाहेर पडतोय.

आईचं दुखणं लेकीकडं येतं, म्हणून आत्यानं मलाबी पुडी सुरू केलीय. मोनालाबी, मधातनं. माझी लेक बोट चाटून पुसून खाते.

जेवत जा वेळेवर. भांडलास तरी माझाच हाईस.

आक्का


हैदराबाद, १४ ऑगस्ट

सौ. आक्कास सा. न.

पुडीत सोमल निघाला, मॅडम त्याला आर्सेनिक म्हणत्यात. निव्वळ जहर. मॅडमनी दोनदा तपासली, पहिल्यांदा त्यांना यंत्रच बिघडलंय असं वाटलं. उलट्या, पायाची आग, लिव्हर, सगळं त्याच्याचनं झालं असणार म्हणाल्या. गाठ कमी केली ती गोळीनं. ती झाली बंद, आन् विष दुप्पट.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. मोनाचं नाव आलं तसा त्यांनी पेन खाली ठेवला. वय विचारलं. सहा म्हणलो. वजन विचारलं. अंगानं बारीक हाय म्हणलो.

विश्वजित पत्र देऊन दारातच थांबल. आत्याशी भांडत बसू नको. पुडी कुणाच्याच तोंडात जाऊ देऊ नको. आईला टेंपोत झोपव, मोनाला उचल, उरलेल्या पुड्या आन् मॅडमचा तपासणीचा कागद घेऊन सरळ कोल्हापूरला डॉक्टरांपुढं जा. आम्ही चोरून देत होतो, असं तुझ्या तोंडानं सांग. लाज वाटली तरी सांग. गोळी परत कधी द्यायची ते तेच ठरवतील. मी उद्या निघतोय. माझा नंबर चालू कर.

आईच्या पाया पडतो. तुझ्याबी.

कृष्णात

ता. क. तिघींच्या तपासणीसाठी विश्वजितजवळ पैसं दिल्यात, नऊ हजार सहाशे रुपये.