टोपीवरचा कागद

कॅरोलिना, जुलै १७८०

प्रिय कास्पर,

गव्हाची कापणी झाली. तुझ्या वाटचं पोतं आईने वेगळं ठेवलंय, सांगूनही ऐकत नाही. "येईल तो. भूक लागली की घर आठवतं," म्हणते. इंग्लंडच्या राजाची बाजू हरली म्हणून तू लाजून डोंगरात बसला आहेस, असं तिला वाटतं.

त्या सकाळी गिरणीपाशी लढाईत दोन्हीकडे आपलेच शेजारी होते. कपडे तेच, शिव्याही त्याच. ओळख पटावी म्हणून तुम्ही राजावाल्यांनी टोपीत हिरवी डहाळी खोचली, आमच्या स्वातंत्र्यवाल्यांनी पांढरा कागद. तुझ्या योस्टदाजींच्या टोपीवरचा कागद मीच शिवला. हे हसून म्हणाले, "एवढा मोठा? लग्नाला निघालोय का मी?" म्हटलं, असू दे, धुरात आपल्याच कुणाची गोळी नको लागायला. केवढं माझं शहाणपण. कुंपणाआड वाकलेल्या माणसाचा तो कागदच तेवढा दिसतो, हे मला सुचायला हवं होतं. झाडावरची खार एका गोळीत पाडणाऱ्या भावाची मी बहीण.

दुपारी आम्ही बायका गोधड्या घेऊन आपापली माणसं शोधत गेलो. ह्यांच्या कागदाला मधोमध भोक होतं. खड्डा खणायला तुमच्यातला फेल्टेन आला आणि रडत रडत त्याने सगळं सांगितलं. गोळी तुझी होती. तू कुंपण ओलांडून गेलास, टोपी उचलून चेहरा पाहिलास आणि तिथेच बसून ह्यांचा हात चोळत राहिलास. मग बंदूक टाकून निघून गेलास.

राग आहे, खोटं कशाला बोलू? ह्यांनीच तुला नांगर धरायला शिकवलं होतं. पण तुला शिव्या द्यायला बसले की माझ्याच हातातली सुई दिसते, आणि मग मी नुसती रडते.

काल फेल्टेनने तुझा निरोप आणला: ताईला विचार, घरी येऊ का? त्याचं हे उत्तर. गोळी कुणाची ते मी आईला सांगितलेलं नाही, माझ्या अपोलोनियालाही नाही. पोर रोज फाटकाशी उभी राहून विचारते, मामा कधी येणार. तू आलास तर ती धावत येऊन तुझ्या गळ्यात पडेल, आणि तुला लहानपणापासून काही लपवता येत नाही. तिचा बाप तर गेला, कास्पर. तिला मामा तरी राहू दे. येऊ नकोस.

तुझीच,
ओटिलियाताई