'प'चा 'ब'

बुधवार संध्याकाळ, मदिनत खलीफा

डोकं अजून तापलेलंच आहे. हसला कसा तो?

हृदयाच्या ऑपरेशननंतर सासूबाई पहिल्यांदाच इस्तंबूलहून आमच्याकडे आल्या. दारातच मी तुर्कीत विचारलं, "तुमचं हृदय कसं आहे?" आठवडाभर घोकलेलं वाक्य! हृदय म्हणजे 'कल्प'. पण पुढे स्वर आला की त्यातल्या 'प'चा 'ब' होतो. 'कल्बिनिझ' म्हणायला हवं होतं, मी 'कल्पिनिझ' म्हणाले.

आणि एम्रे, माझा नवरा, खो खो हसला. जेवताना भावाला फोनवर सांगून पुन्हा हसला.

सासूबाई नाही हसल्या. माझा हात स्वतःच्या छातीवर ठेवून म्हणाल्या, "कल्बिम इयी, कझम." माझं हृदय बरं आहे, पोरी.

लग्न झाल्यापासून हा दर शुक्रवारी माझ्या आईला फोनवर मराठीत विचारतो, "आई, तू कसा आहेस?" आई एकदा तरी हसली? "बरी आहे रे बाळा," एवढंच म्हणते. आपणही 'माणूस'चं 'माणसाला' करतोच की. त्यात तो चुकला म्हणून मी त्याला कधी चिडवलं?

भांडी घासताना हे सगळं ऐकवलं त्याला. म्हणे, "जोक होता गं, खलास!"

कसलं खलास?

उद्या सासूबाईंना सूक वाकिफच्या जुन्या बाजारात मी एकटी नेणार. वाटेत भरपूर तुर्की बोलणार, चुकलं तर चुकलं. हा बसू दे घरी.